आपल्या गटात तिसरा

ललितची आणि माझी ओळख एका बंद पडलेल्या वेबसाइटमुळे झाली.

तो २०१७ चा नोव्हेंबर. शिक्षक भरती इतकी वर्षं रखडली होती की मी बी.एड. आहे हे माझंच मला अधूनमधून आठवावं लागे. अचानक परीक्षा जाहीर झाली आणि सगळ्या बेरोजगारांनी एकाच वेळी फॉर्म भरायला घेतला. मी मूळची अमरावतीची, पण तेव्हा अकोल्याला दुर्गाआत्याकडे राहून एका शिकवणीत मुलांना इंग्रजी शिकवत होते. जठारपेठेत साड्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर सरफराजचं नेट कॅफे होतं. तिथे सकाळी अकराला जाऊन बसले. पडद्यावरचं चक्र फिरत राहिलं... दुपारचा एक वाजला तरी फिरतच होतं.

माझ्या शेजारी एक माणूस ट्रॅक्टरच्या सीटवर बसून गाडी चालवत होता.

खरोखरच. लोखंडी अँगलची चौकट, तिच्यावर ट्रॅक्टरची जुनी सीट, समोर टेबलाला आवळलेलं स्टिअरिंग, पायाशी तीन पेडल आणि मोठ्या पडद्यावर पळणारा रस्ता. रस्त्यावर बऱ्याच गाड्या होत्या. काही चपट्या, जमिनीला चिकटलेल्या, सुसाट जाणाऱ्या. काही दिसायला साध्या मोटारीसारख्या. हा माणूस साध्या मोटारीत होता आणि चपट्या गाड्या त्याला सारख्या मागे टाकत होत्या. मला दुसरं काही काम नव्हतं म्हणून मी ते दोन तास बघितलं. शेवटी शर्यत संपली, पडद्यावर इंग्रजीत यादी आली, त्यानं आपलं नाव शोधलं आणि एक लांब सुस्कारा सोडला.

"सतरावे आले तुमी?" मी विचारलं.

त्यानं मान वळवली. डोळे चांगले होते. हे मी लगेच मनात टिपून ठेवलं. त्यात विशेष काही नाही, मला सवय आहे.

"हाव. मांगच्या बारीले एकोनीसवा होतो."

"अन् बाजूचा हा तीन कायचा आहे?"

"तो? गाडी किती डाव ठोकली, ते."

"तीन नाई," मी म्हटलं. "मी पाहून राहिली मघापासून. सात-आठ डाव ठोकली तुमी."

त्यानं पुन्हा यादीकडे बघितलं. मी खुर्ची जरा पुढे ओढली आणि त्या रकान्याच्या डोक्यावर काय लिहिलंय ते वाचलं. तिथे स्पष्ट लिहिलं होतं की हा गटातला क्रमांक आहे. पंचवीस गाड्या, पण त्यांचे गट तीन. लाल नंबरपट्टीच्या सर्वांत वेगवान, निळ्या त्याखालोखाल, आणि हिरव्या सर्वांत हळू. ललितची हिरवी. हिरव्या एकूण नऊ होत्या.

मग मी त्याला शिकवणीतल्यासारखं समजावून दिलं. समजा शाळेच्या मैदानावर दहावीची, सातवीची आणि चौथीची मुलं एकाच वेळी पळायला सोडली. दहावीची पोरं चौथीच्या पोरांना मागे टाकणारच, त्यात नवल काय? पण चौथीच्या पोराची शर्यत चौथीच्या पोरांशी. बक्षीसही वेगळं. बाकीचे त्याच मैदानावर पळतात एवढंच.

त्यानं ते मला तीनदा सांगायला लावलं. मग जुने निकाल उघडले. तिसरा, चौथा, तिसरा, एकदा तर चक्क दुसरा.

"म्हंजे मी दोन महिने तिसरा-चौथा येऊन राहिलो," तो हळूच म्हणाला, "अन् दोन महिने मी घरी तोंड पाडून जाऊन राहिलो."

सरफराज गल्ल्यावरून उठून आला. त्यानं यादी बघितली, मला बघितलं, आणि सगळ्यांसाठी चहा मागवला. माझा फॉर्म साडेतीनला भरून झाला. ललित तोवर गेला नव्हता. का थांबला होता, ते मी विचारलं नाही.

ललित तिवस्याचा. आयटीआय करून तो अकोल्याला ट्रॅक्टरच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होता. त्या वर्षी बोंडअळीनं कापूस खाऊन टाकला आणि लोकांनी ट्रॅक्टर दुरुस्तीला आणणंच सोडलं. चालतोय तोवर चालू द्या, म्हणायचे. वर्कशॉपचा मालक जेवणानंतर अर्ध्या माणसांना घरी पाठवायचा. त्या अर्ध्यांत ललित होता. रिकाम्या दुपारी त्यानं भंगारातून ती सीट आणि ती चौकट तयार केली, सरफराजनं जुनं स्टिअरिंग कुठूनसं आणलं, आणि दोघं मिळून कुठल्याशा ऑनलाइन स्पर्धेत उतरले. स्पर्धा लांब पल्ल्याच्या शर्यतींची. नियमांचं पुस्तक चाळीस पानी, इंग्रजीत. दोघांनीही ते उघडलं नव्हतं.

ते मी वाचून दाखवावं, असं ललितनं सुचवलं. कसं सुचवलं, तर स्टिअरिंग फडक्यानं पुसत, माझ्याकडे न बघता, "तुमाले टाइम असन तर... नसन तर राहू द्या," असं. मला वेळ होता. शिकवणी संध्याकाळी पाचला सुरू व्हायची.

नियम वाचताना दुसरी भानगड उघडी पडली. ललितनं आयटीआयनंतर तीन वर्षं तिवसा-अमरावती काळीपिवळी जीप चालवली होती. आपल्याकडच्या रस्त्यावर मागून मोठ्या गाडीनं दिवा दिला की काय करायचं, हे लहान पोरालाही माहीत असतं. मुकाट्यानं डावीकडे मातीत उतरायचं, त्याला जाऊ द्यायचं, मग परत डांबरावर यायचं. ललित इथेही तेच करत होता. मागून लाल गाडीनं दिवा दिला की हा गवतात. वेळ जायचा तो जायचाच, आणि कधीकधी वेगवान गाडीवाला नेमका त्याच बाजूनं निघालेला असायचा. त्या सात-आठ ठोकरा याच.

पुस्तकात मात्र नेमकं उलटं होतं. हळू गाडीनं आपली वाट सोडायची नाही. सरळ, रोजच्यासारखं चालवत राहायचं. पुढे कसं जायचं, हे मागच्या वेगवान गाडीनं बघावं. ती तिची जबाबदारी.

ललितला हे पटेना. "मोठ्या गाडीले साइड द्यावीच लागते," तो म्हणाला. "नाई तर शिव्या भेटतात."

"इथं कोन शिव्या देऊन राहिलं?"

"मले ऐकू नाई येत. पन देत असतीन."

शेवटी मी शिकवणीतली लाकडी पट्टी आणली. मागून लाल गाडी आली, तिनं दिवा दिला, ललितचा हात आपोआप डावीकडे वळायला लागला आणि मी पट्टी त्याच्या मनगटावर टेकवली. मारली नाही. नुसती टेकवली. हात थांबला. लाल गाडी उजवीकडून सरळ निघून गेली.

"गेला की तो," ललित चकित होऊन म्हणाला, "अन् मी रोडावरच हाये."

त्यानंतर मी रोज दुपारी जाऊ लागले. सीटच्या बाजूला प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसायचं, छोट्या पडद्यावर मागच्या गाड्या बघायच्या आणि सांगायचं. मागून निळी, डावीकडून. मागून लाल, दोन आहेत. हिरवी आहे, ही आपल्यातली, हिला सोडू नको. डिसेंबरपर्यंत आम्ही तुमीवरून तूवर आलो होतो, ते या घाईमुळेच. मागून लाल गाडी येत असताना आदरार्थी बोलायला वेळ पुरत नाही. आठवड्याभरात पट्टीची गरज संपली. मी ती तरीही न्यायचे.

दुपारच्या वेळी खिडकीतून अकोल्याचं कोरडं ऊन आत यायचं आणि पडद्यावर पाऊस पडत असायचा. त्या खेळात पाऊसही होता. काचेवर थेंब सरकायचे, वायपर फिरायचा, पुढच्या गाडीच्या चाकांतून पाण्याची धूळ उडायची. ललित पावसात फार सुंदर चालवायचा. ओठ जरा दाबलेले, मान जरा तिरकी, हात अगदी हलके. हातांना साबणाखालून डिझेलचा वास यायचा. एक शर्यत संपून दुसरी सुरू होताना पडदा काही क्षण काळा व्हायचा आणि त्यात आम्ही दोघं शेजारी-शेजारी दिसायचो. त्या काळ्या पडद्यात तो माझ्याकडे बघायचा. मलाही ते दिसतंय, हे त्याला बरेच दिवस कळलं नव्हतं. मी सांगितलं नाही.

"तुझ्यासारखे लोक कोनत्या गटात येतात?" एकदा त्यानं विचारलं.

"माझ्यासारखे म्हंजे?"

"म्हंजे... इंग्रजी येनारे."

"बेरोजगार गट," मी म्हटलं. "लय गर्दी आहे त्यात."

तो हसला आणि वळण चुकला. तो हसला की नेहमी वळण चुकायचा, म्हणून मी त्याला सरळ रस्त्यावर असतानाच हसवायला शिकले.

प्रेम वगैरे शब्द आम्ही वापरले नाहीत. मला ते झालं होतं, यात मात्र शंका नाही. रविवारी कॅफे दुपारपर्यंत बंद असायचं आणि तो अर्धा दिवस मला जाता जायचा नाही. यापेक्षा मोठा पुरावा मला लागत नव्हता.

जानेवारीत पुण्याचं स्थळ आलं. मुलगा इंजिनिअर, चांगल्या कंपनीत, स्वतःचा फ्लॅट, बोलायला नम्र. अमरावतीला येऊन बघून गेला आणि त्यांच्याकडून होकारही आला. माझे बाबा, धर्मपाल, तलाठी म्हणून चांदूर रेल्वेला निवृत्त झाले. आयुष्यभर लोकांच्या बांधावरची भांडणं ऐकून त्यांना जोरजबरदस्तीचा कंटाळा आलाय. ते म्हणाले, तुला काय वाटतं ते रविवारपर्यंत सांग. संध्याकाळी सहाला मी पुण्याला फोन करून कळवीन. नाही म्हणायचं असलं तरी चालेल, फक्त कारण सांग. माझ्याकडे कारण होतं. फक्त ते कारण अजून स्वतःहून काही बोललेलं नव्हतं.

शनिवारी मी ललितला सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांची वर्षातली सर्वांत मोठी शर्यत होती, सहा तासांची, दुपारी बारा ते सहा. तो गाडीची टायरं निवडत होता. मी बोलत असताना त्यानं मान वर केली नाही.

"चांगलं स्थळ आहे," तो म्हणाला. "हो म्हन."

तीन वर्षं काळीपिवळी चालवलेला माणूस. मागून दिवा दिसला की उतरला मातीत. मी एवढी पट्टी टेकवून काही उपयोग झाला नव्हता. मी घरी गेले आणि आत्याच्या भाजीत दोनदा मीठ टाकलं. जेवण झाल्यावर आत्यानं माझं ताट स्वतः उचललं.

मी एक गोष्ट इथे लिहून टाकते, जी त्याला आजवर सांगितलेली नाही. त्या रात्री मी ठरवलं होतं की तो बोलला नाही तर पुण्याला हो म्हणायचं. रडत बसायचं नाही. पुणं काही वाईट नाही.

रविवारी बाराला शर्यत सुरू झाली. नियम असा होता की एका माणसानं सलग दोन तासांहून जास्त चालवायचं नाही, नाही तर गाडी बाद. म्हणून पहिले दोन तास ललित, मधले दोन सरफराज, शेवटचे दोन पुन्हा ललित. पहिल्या दोन तासांत आम्ही कामापुरतंच बोललो. लाल, निळी, डावीकडून, उजवीकडून. दोनला त्यानं गाडी थांब्यावर आणली आणि सीट सरफराजला दिली तेव्हा आम्ही आपल्या गटात तिसरे होतो.

"कचोरी खातं का?" त्यानं मला विचारलं.

आम्ही चौकातल्या गाड्यावर गेलो. त्यानं दोन प्लेट घेतल्या. मिरची चावून झाली, पाणी पिऊन झालं. मग एकदम एका दमात बोलला. वर्कशॉप कदाचित मार्चनंतर बंद होईल. तिवस्याला दोन खोल्यांचं घर आहे. पुण्याचा मुलगा इंजिनिअर, आपण आयटीआय. तिथं तुला शाळा भेटन, इथं काय भेटन? त्यानं हे सगळं रात्रभर जुळवलेलं दिसत होतं, कारण कुठेच अडखळला नाही.

"झालं?" मी विचारलं.

"झालं."

"मले काय पाहिजे, हे एवढ्यात कुठंच आलं नाई."

त्यानं प्लेट गाड्यावर ठेवली.

"तुले... काय पाहिजे?"

"तू," मी म्हटलं. "पन हे बाबाले मी नाई सांगनार. मी सांगितलं तर उद्या तुले वाटन, हिनंच ओढत आनलं. सहा वाजता ते पुण्याले फोन लावतीन. तुले सांगायचं असन तर त्याच्या आंधी सांग."

त्यानं हात पँटला पुसले, मोबाइल काढला, माझ्याकडून नंबर घेतला आणि तिथेच उभ्या-उभ्या लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. तेव्हा मला आठवलं की बाबा रविवारी दोन ते चार झोपतात आणि मोबाइल बंद करून दिवाणाखाली ठेवतात. तलाठी असताना लोकांनी त्यांना कधी दुपारी झोपू दिलं नाही, त्याचा ते आता वचपा काढतात.

शर्यत सहाला संपणार. बाबा सहाला फोन लावणार. आणि ललितला चार ते सहा स्टिअरिंगवर दोन्ही हात हवे होते. हे तिन्ही त्याच्या लक्षात आलं तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. पावणेचारपर्यंत त्यानं नऊ वेळा फोन लावला. मग कॅफेतलं एक पोरगं सरफराजचा निरोप घेऊन धावत आलं. "अबे, गाडीतलं तेल सरत आलं अन् मेरी कमर गई. जल्दी ये."

आम्ही जिना चढलो तेव्हा सरफराजनं कमाल केली होती. आम्ही गटात दुसरे होतो. चारला एक मिनिट कमी असताना त्यानं गाडी थांब्यावर आणली आणि सीटवरून उडी मारली. तेल भरलं गेलं, टायरं बदलली, निघायचा हिरवा दिवा लागला. ललित सीटपाशी उभा होता, एक हात स्टिअरिंगवर, एक हात कानाशी. त्यानं शेवटचा म्हणून लावला होता.

या वेळी घंटी वाजली.

"जयभीम काका," ललित म्हणाला आणि स्टिअरिंगवरचा हात काढून घेतला. "मी ललित बोलतो, तिवस्याचा. नाई... तुमी वळखत नाई मले. काम म्हंजे, दीपमालाचं काम आहे. नाई नाई, बरी आहे ती, माह्यासमोरच उभी आहे."

पडद्यावर आमची गाडी दिवा लावून उभी होती आणि बाजूनं एकेक हिरवी नंबरपट्टी निघून जात होती. सरफराज दोन्ही हातांनी पडद्याकडे दाखवत होता. त्याला बसता येत नव्हतं. बसला तर आम्ही बाद.

"मले तिच्यासंगे लग्न करायचं आहे," ललित म्हणाला. "तुमी पुण्याले फोन लावायच्या आंधी सांगावं म्हनलं." मग बराच वेळ तो नुसता ऐकत होता. "हाव. मेकॅनिक आहे. सध्या अर्धाच दिवस काम असते. पुढं वाढन, पन कधी ते नाई सांगता येत... हाव, देतो."

त्यानं मोबाइल माझ्या हातात दिला आणि सीटवर बसला. साडेतीन मिनिटं गेली होती.

"हे खरं आहे का?" बाबांनी विचारलं. आवाज झोपेतून नुकताच उठलेला.

"खरं आहे, बाबा."

"मग काल सांगाले काय झालं होतं?"

मग बाबाच पुढे म्हणाले, मी पुण्याला आत्ताच कळवतो, त्या माणसांना सहापर्यंत उगीच ताटकळत कशाला ठेवायचं.

"अन् तो पोरगा एवढ्या घाईनं कुठं गेला?"

"रेसमदी आहे. गाडी थांबवून फोन केला त्यानं."

"कितवा आहे?"

मी पडद्याकडे बघितलं. "आता सातवा."

"कितीत?"

"नवात."

"बुधवारी घेऊन ये," बाबा म्हणाले. "जेवाले."

मी स्टुलावर बसले. मला इतका आनंद झाला होता की मागची गाडी लाल की निळी, हेच दिसेना. ललितनं पडद्यावरची नजर न हलवता विचारलं, काय म्हणाले. मी सरळ रस्त्याची वाट बघायला हवी होती. मला ते माहीत होतं. पण मला थांबवेना.

"बुधवारी जेवाले बोलावलं," मी म्हटलं.

पुढे वळण होतं, हे आम्हा दोघांनाही दिसलं नाही. गाडी रस्ता सोडून सरळ मातीत गेली आणि भिंतीला जाऊन टेकली. सरफराजनं डोक्याला हात लावला, मग स्वतःच हसायला लागला आणि चहा सांगायला खाली गेला.

आम्ही आमच्या गटात आठवे आलो. नवव्याची गाडी तासाभरापूर्वीच बंद पडली होती.